मुंबईत अ‍ॅडासवाली गाडी: काय चालू ठेवायचं, काय बंद, आणि कुठे

शोरूममधला विक्रेता स्टिअरिंगवरचे हात काढून दाखवतो आणि म्हणतो, “बघा, गाडी आपोआप चालते.” ती आपोआप चालत नसते. अ‍ॅडास म्हणजे कॅमेरा-रडार वापरून चालकाला मदत करणारी यंत्रणा; तिच्या जोरावर गाडी पुढचे काही क्षण लेन आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर सांभाळत असते, आणि ते तिला जमतंय का याच्यावर नजर ठेवायचं काम तुमचं असतं. मुंबईत अशी गाडी घेऊन बाहेर पडायचं तर कुठल्या रस्त्यावर कुठली सोय चालू आणि कुठली बंद, हे घरून ठरवून निघावं लागतं. चालत्या गाडीत मेन्यू चाळायला इथे कुणाला वेळ मिळत नाही.

आधी हातात नेमकं काय आहे ते समजून घ्या. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. एक्सयूव्ही ७००, हॅरियर, क्रेटा, सेल्टोस, सिटी अशा आपल्याकडच्या गाड्या लेव्हल २ पर्यंतच्या आहेत. म्हणजे वेगाला (अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ: पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारी सोय) आणि स्टिअरिंगला (लेन कीप: गाडी रेषांच्या आत ठेवणारी सोय) मदत मिळते, पण चालक तुम्हीच. लेव्हल ३ मध्ये ठरावीक परिस्थितीत रस्त्यावरची नजर काढता येते. मर्सिडीजला जर्मनीत त्याची मंजुरी डिसेंबर २०२१ मध्ये मिळाली, तीही सुरुवातीला ताशी ६० किमीपर्यंतच. खरोखर चालकाविना धावतात त्या अमेरिकेतल्या वेमो कंपनीच्या टॅक्सी. फिनिक्समध्ये २०२० च्या ऑक्टोबरपासून त्यात कुणालाही बसता येतं, पुढे त्या सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमध्येही आल्या. पण त्या गाड्यांवर लायडार (लेझरने अंतर मोजणारे सेन्सर) असतात, चहूबाजूंनी कॅमेरे असतात, फिरायचा भाग आधीच बारकाईने नकाशावर उतरवलेला असतो आणि अडलं तर मदतीला माणसं बसलेली असतात. तुमच्या गाडीत काचेमागे एक कॅमेरा आणि फार तर बंपरमध्ये मोजकी रडार. त्यामुळे त्या टॅक्सींच्या सुरक्षिततेचे आकडे वाचून आपल्या गाडीवर भरवसा ठेवू नका. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

भारतात चालकाविना गाड्यांना परवानगी देणार नाही, चालकांच्या नोकऱ्या जातील, असं नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि नंतर २०२३ मध्येही स्पष्ट सांगितलं आहे. कायद्याच्या नजरेत तर प्रश्नच नाही: मोटार वाहन कायद्याचं धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याबद्दलचं कलम १८४ चाकामागे बसलेल्या माणसाला लागू होतं. “क्रूझ चालू होतं साहेब,” हे उत्तर पोलिसांपुढेही चालत नाही आणि विमा कंपनीपुढेही नाही.

गाडीला काय दिसतं, काय दिसत नाही

पुढचं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि परतलेल्या लहरींवरून समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग मोजतं. पाऊस, अंधार यांनी त्याला फारसं अडत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. उभी असलेली प्रत्येक गोष्ट त्याला प्रतिध्वनी देते: दुभाजक, दिशादर्शक पाटी, मेट्रोचा गर्डर, खणलेल्या रस्त्यावर टाकलेली लोखंडी प्लेट. या सगळ्यांना घाबरून ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून स्थिर वस्तूंचे बरेचसे प्रतिध्वनी सॉफ्टवेअर गाळून टाकतं. त्या गाळणीत कधी कधी बंद पडलेला ट्रकही जातो. ‘थांबलेल्या वाहनाला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ प्रतिसाद देईलच असं नाही’ अशा अर्थाची ओळ जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत असते ती यामुळे. ही एक ओळ पाठ करून ठेवा. उभ्या वाहनासाठी गाडी आपोआप थांबेलच, हाच या गाडीबाबतचा जिवावर बेतू शकेल असा गैरसमज आहे.

कॅमेरा आकार ओळखतो: गाडी, बाइक, माणूस, लेनची रेष. त्याला शिकवलेल्या आकारांच्या पलीकडचं तो धड ओळखत नाही. पाठीवर गाद्यांची चळत घेऊन जाणारा टेम्पो, लोखंडी सळ्या मागे हातभर बाहेर आलेली हातगाडी, डोक्यावर पाटी घेतलेला माणूस, मागचे दिवे गेलेली रिक्षा यांची खात्री धरू नका. सळ्यांच्या बाबतीत तर हातगाडी ओळखलीच, तरी अंतर हातगाडीच्या मागच्या कडेपर्यंत मोजलं जाऊ शकतं, सळ्यांच्या टोकापर्यंत नव्हे. होंडाच्या सिटी आणि एलिव्हेटमध्ये पुढे रडार नाही, सगळं कॅमेऱ्यावर आहे. तिथे काच स्वच्छ नसेल तर सगळीच मदत एकदम जाते.

ओळख पटण्यातला गोंधळ किती महाग पडतो याचं उदाहरण नोंदलेलं आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत टेंपी इथे उबरच्या चाचणीतल्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. तपासात दिसलं की यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर काही’ समजत राहिली आणि दर वेळी ती कुठे जाणार याचा हिशेब नव्याने मांडत राहिली. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल हे त्या सॉफ्टवेअरमध्ये धरलेलंच नव्हतं. देखरेखीसाठी बसलेल्या चालकाचं लक्ष फोनमध्ये होतं. दादर स्टेशनबाहेर किंवा कुर्ल्याला एलबीएस मार्गावर माणसं सगळीकडून रस्ता ओलांडतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्यासाठी दूरची नाही.

पहिल्या दिवशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये

हँडब्रेक लावा, इग्निशन चालू करा, पुस्तिका मांडीवर घ्या. मेन्यूतली एकेक सोय काढून पुढीलप्रमाणे लावा.

१. ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेक, म्हणजे एईबी: चालू. शहरातही चालूच. तुमची नजर सेकंदभर आरशात असताना पुढचा थांबला तर शेवटचा आधार हाच आहे. पुस्तिकेत तो किती वेगापर्यंत वाहनासाठी आणि किती वेगापर्यंत माणसासाठी काम करतो ते आकडे दिलेले असतात. ते वेगवेगळे असतात आणि माणसासाठीचा आकडा कमी असतो. लिहून घ्या.

२. धडकेची आगाऊ सूचना: वेळ ‘उशिरा’वर ठेवा. ‘लवकर’वर ठेवली तर अंधेरी ते वांद्रे एवढ्यात ती इतक्यांदा वाजते की तुमचा कान तिला सरावतो, आणि खरी वेळ आली की तुम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करता. महामार्गावर निघताना मात्र ‘मध्यम’ करा.

३. लेन कीप असिस्ट: शहरात बंद. लेन सोडल्याची नुसती सूचना चालू ठेवायला हरकत नाही, तीही आवाजाऐवजी स्टिअरिंगच्या थरथरीवर, म्हणजे गाडीतली बाकी माणसं दचकत नाहीत.

४. ब्लाइंड स्पॉट मॉनिटर: कायम चालू. मुंबईत पैसे वसूल होतात ते या सोयीत. डावीकडून घुसणारा बाइकवाला आरशात दिसण्याआधी इथे दिसतो. फक्त तो फार वेगात आला तर दिवा उशिरा लागतो, म्हणून मान वळवून बघायची सवय सोडू नका.

५. मागून येणाऱ्या आडव्या वाहतुकीची सूचना: चालू. सोसायटीच्या गेटमधून उलटी गाडी काढताना हिचा उपयोग होतो. यंत्राने गाड्या वरखाली करणाऱ्या पार्किंगमध्ये मात्र लोखंडी खांब जवळ असल्यामुळे मागचा आपोआप ब्रेक मधेच लागू शकतो. पॅलेटवर गाडी चढवताना तेवढाच बंद करा.

६. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझचं अंतर: सगळ्यात मोठं. शहराबाहेर तेच ठेवा.

सगळं लावून झालं की इग्निशन बंद करून परत चालू करा आणि काय टिकलं ते बघा. काही गाड्यांत एईबी आणि लेन कीप दर वेळी स्वतःहून चालू होतात. तुमच्या गाडीत लेन कीप तसं होत असेल तर ते बंद करायचं बटण स्टिअरिंगवर आहे की पडद्यातल्या तिसऱ्या पानात, हे माहीत असायला हवं. सीटबेल्ट लावला की लेन कीप बंद, असा क्रम हाताला लावून घ्या.

यानंतर सराव. रविवारी सकाळी लवकर, कोरड्या हवेत, पूर्व मुक्त मार्ग ही चांगली जागा आहे. दुचाकींना बंदी, सिग्नल नाहीत. ६० वर क्रूझ लावा आणि चार गोष्टी तपासा: ब्रेकला नुसता स्पर्श केला की क्रूझ सुटतं का, रद्द करायचं बटण न बघता सापडतं का, स्टिअरिंगला किती जोर दिला की लेन कीप माघार घेतं, आणि ‘रिझ्यूम’ दाबल्यावर गाडी किती जोरात उसळते. शेवटची गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत. आधी लावलेला वेग ८० असेल आणि तुम्ही ३५ वर असताना रिझ्यूम दाबला तर गाडी थेट ८० कडे धावते.

हात स्टिअरिंगवर आहेत का हे बऱ्याच गाड्या फिरवण्याच्या हलक्या जोरावरून ओळखतात. हात नुसते टेकवलेले असले तरी ‘हात ठेवा’ अशी सूचना येते; थोडासा जोर दिला की जाते. हा इशारा फसवण्यासाठी स्टिअरिंगला लावायची वजनं ऑनलाइन मिळतात. ती कुणाच्याही गाडीत दिसली तर काढायला लावा. तुमचं लक्ष आहे की नाही हे कळायचा बऱ्याच गाड्यांत तेवढा एकच मार्ग असतो.

कुठल्या रस्त्यावर काय

गल्ल्या, बाजार, स्टेशनं, एलबीएस मार्ग, एसव्ही रोड: क्रूझ आणि लेन कीप बंद, एईबी आणि ब्लाइंड स्पॉट चालू.

पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्ग ही फसवी जागा आहे. नाव द्रुतगती, लेन आखलेल्या, म्हणून क्रूझ लावायचा मोह होतो. पण गाडी पुढे जे अंतर सोडते त्यात रिक्षा शिरते, गाडी ब्रेक लावते, पुन्हा अंतर सोडते, तिथे बाइक शिरते. तुम्ही मागे मागे जात राहता आणि मागची बस अस्वस्थ होते. शिवाय कोंडीत काही सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की बहुतेक गाड्या बटण किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याशिवाय हलत नाहीत, आणि दाबताना बंपरच्या अगदी पुढून माणूस जात असेल तर तो कॅमेऱ्याच्या नजरेखाली राहू शकतो. कोंडीत पायानेच चालवा. जोगेश्वरी-विक्रोळी आणि सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते पूर्व-पश्चिम आहेत. संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो आणि यंत्रणा तात्पुरती बंद झाल्याचा संदेश येतो. तो गाडीतला बिघाड नसतो.

वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता आणि अटल सेतू इथे दुचाकी-तिचाकींना बंदी आहे, रेषा स्पष्ट आहेत, पादचारी नाहीत. यंत्रणा ज्या रस्त्यांसाठी बनवली आहे तसे मुंबईत हेच. किनारी रस्त्यावर सरळ भागात ८०, मलबार हिलखालच्या बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशी मर्यादा आहे. तुमची गाडी वेगाच्या पाट्या वाचत असली तरी त्यानुसार क्रूझ स्वतः कमी होईल असं धरू नका. बोगद्याच्या तोंडाशी उजेडातून अंधारात शिरताना कॅमेऱ्याला जुळवून घ्यायला क्षणभर लागतो आणि रेष हरवू शकते. आत जीपीएसही जातं. म्हणून तोंडाच्या थोडं आधी वेग हाताने ६० वर आणा आणि स्टिअरिंग नीट धरा.

अटल सेतू २१.८ किमीचा, कारसाठी मर्यादा १००, चढउतारांच्या रॅम्पवर ४०. इथे धोका रॅम्पवर आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. समजा तुम्ही शिवडीकडे येताय, क्रूझ १०० वर लावलंय, पुढे एक टेम्पो ६० ने चाललाय, म्हणून तुमची गाडीही ६० वर आहे. उतरायचा फाटा येतो, तुम्ही रॅम्पवर वळता, टेम्पो सरळ निघून जातो. गाडीच्या दृष्टीने रस्ता मोकळा झाला. ती १०० गाठायला निघते, आणि पुढे ४० चं वळण आहे. तुमचा पाय ब्रेकवर नसेल तर हे लक्षात यायलाच दोन सेकंद जातात. नियम सोपा ठेवा: फाट्याची पहिली पाटी दिसली की क्रूझ रद्द. टोलनाक्यालाही तेच. रांगेतली शेवटची गाडी उभी असते आणि फास्टॅगच्या आडव्या दांड्याला रडार जुमानत नाही, तेव्हा अर्धा किलोमीटर आधी गाडी हातात घ्या.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटाखालच्या सपाट पट्ट्यात क्रूझ चांगलं चालतं. खोपोलीनंतर घाट लागला की बंद. वळणावर पुढची गाडी रडारच्या शंकूतून बाहेर जाते, क्रूझला वाटतं रस्ता मोकळा आहे; पुढे लोडेड ट्रक २० च्या वेगाने चढत असतो किंवा तापून उभा असतो. उतरताना उलटी अडचण आहे. वेग धरून ठेवायला क्रूझ सतत ब्रेक वापरतं, ब्रेक तापतात आणि लागेनासे होऊ शकतात. उतारावर खालचा गिअर आणि तुमचा पाय, दुसरं काही नाही.

समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा आणि कारसाठी मर्यादा १२०. तिथे यंत्रणा इतकी छान चालते की झोप येते. करायला काही नसलं की लक्ष विरघळतं, आणि नेमकी तेव्हाच कडेला उभा ट्रक अर्धा लेनमध्ये आलेला असतो. दर दीड-दोन तासांनी थांबा. आणि तासभर क्रूझवर गेलात की पुढची पंधरा-वीस मिनिटं ते मुद्दाम बंद करून स्वतः चालवा.

अंतराचा हिशेब डोक्यात असू द्या. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. दीड सेकंद तुम्हाला कळायला लागला तर ४२ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने पूर्ण ब्रेक दाबून आणखी ५५ मीटर, एकूण सुमारे ९७. ओल्यात तेच ११९ किंवा त्याहून जास्त. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ पूर्ण ब्रेक लावत नाही, साधारण निम्म्या ताकदीपर्यंतच लावतं आणि मग बीप करून गाडी तुमच्या हवाली करतं. सगळ्यात मोठं अंतर निवडायचं ते यासाठी.

पाऊस आणि खड्डे

जून ते सप्टेंबर लेन कीप शहराबाहेरही वापरू नका. ओल्या डांबरावर समोरच्या दिव्यांचे पट्टे चकाकतात आणि कॅमेऱ्याला ते रेषांसारखे दिसू शकतात. खरी रेष पाण्याखाली असते. वायपर सगळ्यात जोरात लावावा लागला की क्रूझही बंद. पाण्याचा थर आला की टायर तरंगतो, आणि क्रूझ मात्र वेग टिकवायला इंजिनला ताकद देत राहतं. त्या क्षणी नेमकं हेच नको असतं.

खड्ड्याचं जवळून बघा. रात्र, भुरभुर पाऊस, द्रुतगती महामार्गावर ६५ चा वेग. वीस मीटरवर खड्डा दिसतो, तुम्ही इंडिकेटर न देता उजवीकडे स्टिअरिंग ओढता. उजवीकडची पांढरी रेष जवळ येते आणि लेन कीपला वाटतं, चालक डुलकी घेतोय. स्टिअरिंग मनगटाविरुद्ध डावीकडे ओढलं जातं. ओढ फार मोठी नसते, हाताने सहज मोडता येते, पण अपेक्षा नसताना आली की माणूस एक तर सोडतो किंवा जास्तच फिरवतो. सोडलं तर खड्डा, जास्त फिरवलं तर बाजूचा बाइकवाला. इंडिकेटर दिला असता तर लेन कीप गप्प बसलं असतं, पण खड्डा चुकवताना इंडिकेटर द्यायचं भान कुणाला राहतं? म्हणून पावसाळ्यात ते बंदच.

हिंदमाता, अंधेरी आणि मिलन सबवे अशा तुंबणाऱ्या ठिकाणी पाणी बंपरपर्यंत येतं. रडार किंवा पार्किंगचे सेन्सर बुडाले की चुकीचे इशारे येतात, कधी पाणी ओसरल्यावरही राहतात. गोड्या पाण्याने हलकेच धुवून, वाळवून, पुन्हा चालू करून बघा. दिवा तरीही विझला नाही तर सर्व्हिस सेंटरला स्कॅन करून घ्या, वायरिंगच्या सॉकेटमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं.

विनाकारण ब्रेक लागला तर

हे कधी ना कधी होणार. कारणं ठरलेली: वळणाच्या बाहेरच्या कडेला मेट्रोचे पत्र्याचे बॅरिकेड, रस्त्यावरची लोखंडी प्लेट, उड्डाणपुलाखाली शिरताना वरचा गर्डर, किंवा बंपरच्या कोपऱ्याला चाटून पुढे घुसणारी बाइक. शेवटच्या बाबतीत गाडीचं चुकलेलं नसतं. तिला जागेचं जे गणित शिकवलंय ते मुंबईच्या बाइकवाल्यांच्या गणितापेक्षा वेगळं आहे. ब्रेक चुकीचा आहे हे डोळ्यांना दिसलं तर अ‍ॅक्सिलरेटर ठामपणे दाबा. बहुतेक गाड्यांत तो ब्रेक त्याने सुटतो. पायाला ही हालचाल माहीत असावी. मागून धडक ही खरी भीती असते, म्हणून मागचा कॅमेरा असलेला डॅशकॅम लावा आणि मागे बस चिकटलेली असेल तर तिला आधी पुढे जाऊ द्या. एकाच जागी दर वेळी ब्रेक लागत असेल तर जागा, वेळ आणि वेग लिहून सर्व्हिस सेंटरला द्या. नुसतं “मधेच ब्रेक लागतो” सांगितलं तर त्यांनाही काही शोधता येत नाही.

कॅमेरा आणि रडार नीट ठेवणं

काचेवरच्या कॅमेऱ्यासमोरची जागा आतूनबाहेरून स्वच्छ हवी. डॅशबोर्डवरच्या गणपतीचं प्रतिबिंब काचेत कॅमेऱ्याच्या समोर पडत असेल तर मूर्ती थोडी बाजूला सरकवा. आरशाला लटकवलेली माळ, फास्टॅगचा स्टिकर, सोसायटीचा पार्किंग पास, यातलं काही कॅमेऱ्याच्या चौकटीत येऊ देऊ नका. वायपरचं रबर दर पावसाळ्याआधी बदला.

रडार बंपरच्या जाळीमागे किंवा कंपनीच्या चिन्हामागे असतं. दसऱ्याला गाडीची पूजा करा, पण झेंडूची माळ जाळीवर आडवी बांधून तशीच गाडी चालवू नका. ओली फुलं लहरी अडवतात. माळ बॉनेटवर घाला आणि निघण्यापूर्वी काढा. लिंबू-मिरची बंपरच्या एका कडेला. पुढे बुलबार लावू नका. एक तर त्यांच्यावर कारवाई करा असं केंद्राने २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना कळवलं आहे, आणि वर तो लोखंडी पाइप रडारच्या डोळ्यासमोर येतो. बंपर थोडासा घासला म्हणून नाक्यावरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे पुट्टी भरून घेतली, तर त्या थराने आणि धातूचे कण असलेल्या रंगाने रडार अंधुक होतं. रडारसमोरच्या भागाला तडा गेला असेल तर तो भाग बदलूनच घ्या.

काच बदलली, बंपर उतरवला, सस्पेन्शनचं काम झालं किंवा वेगळ्या मापाचे टायर बसवले की कॅलिब्रेशन लागतं. कॅमेरा एक अंश तिरका बसला तर ५० मीटरवर जवळजवळ ९० सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे बाजूच्या लेनमधला बाइकवाला तुमच्या लेनमध्ये आहे असं गाडी समजते. कॅलिब्रेशन सपाट जमिनीवर, ठरावीक अंतरावर फलक लावून, टायरमध्ये योग्य हवा आणि रिकामी डिकी ठेवून करतात. काही गाड्यांना नंतर स्पष्ट रेषांच्या रस्त्यावर चालवूनही आणावं लागतं. बिलावर ‘कॅलिब्रेशन केलं’ अशी वेगळी ओळ लिहून मागा. काच घरी येऊन बसवून देणारा ते करणार नसेल तर त्याच्याकडून काच बसवू नका. विमा घेताना काच बदलल्यावरचा कॅलिब्रेशनचा खर्च मिळतो का हे ईमेलवर विचारून ठेवा.

आपोआप धुणाऱ्या मशीनमध्ये, रोलरवरच्या ब्रेक तपासणीत आणि गाडी टो होत असताना एईबी बंद करायचा असतो. गॅरेजला गाडी देताना हे सांगा.

गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर

मुंबईत बऱ्याच घरांत मालक मागे बसतात आणि गाडी ड्रायव्हर चालवतो. किल्ली देण्यापूर्वी त्यांना शेजारी बसवून तास-दोन तास वर सांगितलेला सराव द्या. ते पंचवीस वर्षं गाडी चालवत असतील. म्हणूनच अचानक लागलेला ब्रेक त्यांना जास्त गोंधळात टाकतो. “काका, स्टिअरिंग ओढल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, तुम्ही धरलं तेच खरं,” एवढं एक वाक्य आणि बटणाची जागा त्यांना पक्की हवी. बदली ड्रायव्हर आला तर क्रूझ आणि लेन कीप बंद करूनच गाडी द्या.

अजून गाडी घ्यायची असेल तर

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या गल्लीत नको. द्रुतगती महामार्गावर न्या, शक्यतो पावसात किंवा अंधार पडल्यावर. विचारा: पुढे रडार आहे की फक्त कॅमेरा? क्रूझ पूर्ण थांबेपर्यंत काम करतं की ३० च्या खाली सुटतं? मॅन्युअल गिअरच्या गाडीत ते बहुधा सुटतंच. लेन कीप स्टिअरिंगवरच्या एका बटणाने बंद होतं का? मुंबईत कॅलिब्रेशन कुठल्या सर्व्हिस सेंटरला होतं आणि काच तिथे साठ्यात असते का? गाड्यांच्या धडक-चाचणीत मिळणारे भारत एनकॅपचे तारे धडक झाल्यावर आतली माणसं किती वाचतात ते सांगतात. एईबी किती चांगला आहे ते त्यावरून कळत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या बघा. आणि बजेट ताणावं लागत असेल तर क्रूझ आणि लेन कीप सोडून द्या, सहा एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि ब्लाइंड स्पॉट मॉनिटर असलेलं मॉडेल घ्या.